दूरदेशची सहल आणि वाटेंतील उत्कंठा

शाळेची सहल म्हटली कीं कार्ले, लोहगड, फार तर वेरूळ, इतकीच मजल आपल्या कल्पनेची असे. आतां ती समुद्रापलीकडे गेली आहे. पुणें जिल्हा परिषदेनें आपल्या शाळांतील मुलांची परीक्षा घेऊन २०२५ सालीं २५ जणांची निवड अमेरिकेंतील 'नासा' ही अवकाशसंशोधन संस्था पाहावयास पाठविण्यासाठीं केली. या कामीं पुण्याच्या 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संस्थेचें साहाय्य होतें. अशा मुलाच्या मनांत, घराचा उंबरठा ओलांडल्यापासून तें स्थळ दृष्टीस पडेपर्यंत, काय काय चालत असेल, आणि त्या अवधीचा उपयोग काय, याचा विचार येथें करावयाचा आहे. सहलीच्या वृत्तांतांत पाहिलेल्या वस्तूंचें वर्णन पुष्कळ असतें. वाटेचें मात्र 'प्रवास सुखरूप झाला' एवढ्या तीन शब्दांत आटोपतें. हा वाटेवर अन्याय आहे.

कासारवाडीच्या मुलास तरी वाट ही अपरिचित वस्तु नव्हे. आपल्या गांवावरून जाणारा खंडाळा ते पुणें हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. त्या वेळीं बोरघाट फोडून झाला नव्हता. मुंबईची गाडी घाटाखालीं खोपोलीपर्यंत येई, आणि मधला चढ उतारू लोक पालखींतून किंवा तट्टावरून चढत. १८६३ सालीं घाटांतील मार्ग पुरा झाला आणि मुंबई जवळ आली. पुढें नाशिक फाट्यावर जो उड्डाणपूल झाला त्यास जे. आर. डी. टाटा यांचें नांव आहे. त्यांनींच १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून मुंबईस टपालाचें विमान स्वतः चालवून आणिलें; आणि त्यांच्याच कंपनीचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान ८ जून १९४८ रोजीं कैरो व जिनीव्हा येथें थांबत लंडनला जाण्यास मुंबईहून उडालें. खालीं आगगाडी, वर हें नांव. परदेशच्या प्रवासाचा इतिहास आपल्या दाराशींच उभा आहे.

तथापि आपल्या विषयाचा खरा धडा विमानांत नाहीं, आगबोटींत आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव आपण सर्वांनीं ऐकिलें आहे. परंतु त्या अमेरिकेस पोंचल्या कशा, हें थोडेच सांगतात. त्यांचे पति गोपाळराव यांनीं एका अमेरिकन पाद्र्यास लिहिलेलें पत्र १८८० च्या सुमारास तेथील एका मिशनरी मासिकांत छापून आलें. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असतां तें त्यांच्या नजरेस पडलें, आणि त्यांनीं आनंदीबाईंस पत्र धाडलें. (वाट पाहण्याचा वेळ फुकट जातो असें म्हणणारांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.) पुढें प्रत्यक्ष भेटीपर्यंत हा पत्रव्यवहार चालला. म्हणजे ज्या देशास जावयाचें त्याची ओळख आनंदीबाईंस, पाऊल उचलण्यापूर्वींच, पत्रागणिक होत गेली.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगाल्यांतील श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींत व्याख्यान दिलें. लोक जे प्रश्न आडून विचारीत तेच त्यांनीं उघडपणें मांडले. मी अमेरिकेस कां जातें? हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय? एकटी कां जातें? परत आल्यावर मला जातीबाहेर टाकतील काय? संकट ओढवल्यास काय करीन? आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें मीं कां करावें? एकेकाचें उत्तर त्यांनीं सभेपुढें दिलें. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असेंही निक्षून सांगितलें. अठरावें वर्ष अद्याप पुरें व्हावयाचें होतें. आपल्या वरच्या वर्गांतील मुलींचें जें वय तेंच हें.

७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कलकत्ता' या आगबोटीनें त्या निघाल्या. गोपाळराव मागें राहिले. सोबतीस मिशनरी बाया होत्या. इंग्लंडवरून त्या ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन दिवस! इतके दिवस नुसती हौस टिकत नाहीं. पहिल्या आठवड्यांत समुद्राचें कौतुक, दुसऱ्यांत घरची आठवण. आणि पुढें ज्याच्यापाशीं स्वतःचे प्रश्न असतील त्याचीच उत्कंठा जिवंत राहते. आनंदीबाईंनीं आपले प्रश्न बंदर सोडण्यापूर्वींच बांधून घेतले होते. १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथें त्या वैद्यकीची पदवी घेत्या झाल्या, यांत या शिदोरीचा वांटा लहान नव्हता, असें माझें मत आहे.

त्याच वर्षीं, त्याच एप्रिल महिन्यांत, पंडिता रमाबाई आपल्या दोन वर्षांच्या मुलीस घेऊन इंग्लंडला निघाल्या. त्या प्रवासाची हकीकत त्यांनीं सदाशिव पांडुरंग केळकर यांस मराठी पत्रांत लिहून कळविली, आणि ती 'इंग्लंडचा प्रवास' या नांवानें छापली गेली. हकीकत ताजी असतांच लिहावी. वर्षानंतर लिहूं लागलें म्हणजे माणूस आपली भीति हळूच गाळून टाकतो.

आतां थोडें गणित करूं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका अंशास ४ मिनिटें. कलकत्ता सुमारें ८८ अंश पूर्वेस, न्यूयॉर्क सुमारें ७४ अंश पश्चिमेस. एकूण १६२ अंश, म्हणजे ६४८ मिनिटें. तीं ५८ दिवसांत वांटलीं तर सरासरीनें दिवसाला अकरा मिनिटें येतात. बोट पश्चिमेकडे जाऊं लागली कीं तिच्यावरील घड्याळें मागें घेत जातात. उतारूला तें जाणवतही नसे. उलट मुंबईहून न्यूयॉर्कला मध्यें न थांबतां जाणाऱ्या विमानास पंधरा-सोळा तास पुरतात, आणि तेवढ्यांतच दिवसरात्रीची उलथापालथ होते. शरीरांतील झोपेचें घड्याळ दिवसाला साधारण एक तास इतकेंच सरकतें. म्हणून भर दुपारीं डोळे मिटतात आणि मध्यरात्रीं भूक लागते. तो आजार नव्हे, हें आईबापांनीं मुलास आधींच सांगून ठेवावें.

जी गोष्ट शरीराची, तीच मनाची. बोटीवर मनाला तयारीसाठीं दोन महिने मिळत. विमानांत मूल पहिला तासभर खिडकीला नाक लावून बसतें, मग 'कधीं पोंचणार?' असें दहादां विचारतें, मग झोपी जातें. जागें होतें तें परक्या भूमीवर. आदल्या रात्रीं तर डोळ्याला डोळा लागलेला नसतो! यांत त्याचा दोष कांहींच नाहीं. वाट आंखूड झाली आहे, एवढेंच. तेव्हां जी तयारी पूर्वी वाटेंत होई, ती आतां घरीं व वर्गांत व्हावयास हवी. अवकाशयानें फ्लोरिडाच्या समुद्रकिनाऱ्यावरूनच कां सोडतात, हा एक प्रश्न घ्या. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या पूर्वेकडे फिरण्याचा वेग अधिक, त्याचा यानास हातभार लागतो. आणि पूर्वेस समुद्र असल्यामुळें गळून पडणारे भाग वस्तीवर पडत नाहींत. आपलें श्रीहरिकोटाही पूर्व किनाऱ्यावरच कां, हें मग सांगावें लागत नाहीं. हा प्रश्न वहींत लिहून निघालेलें मूल तो किनारा पाहील; न लिहिलेलें मूल छायाचित्र काढून येईल.

आणखी एक गोष्ट, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. परीक्षेस हजारों मुलें बसतात, जातात पंचवीस. राहिलेल्यांचें काय? उत्कंठेवर तिकिट लागत नाहीं. जाणाराच्या वहींत न जाणारांनीं आपले प्रश्न लिहून द्यावे. वर्गांतील भिंतीवर नकाशा टांगावा आणि विमान या घटकेला कोठें असेल तें तासातासाला खूण करून मांडावें. कासारवाडी पूर्वेस सुमारें ७४ अंशांवर, न्यूयॉर्क पश्चिमेस तितक्याच अंशांवर. ग्रीनिचच्या दोहों बाजूंस दोन गांवें जणूं तराजूच्या पारड्यांत बसलीं आहेत. म्हणून फोनचा समय ठरवितांना घाई करूं नये. हिवाळ्यांत तेथील घड्याळ आपल्याहून साडेदहा तास मागें असतें, उन्हाळ्यांत साडेनऊ. डिसेंबरांत कासारवाडीस संध्याकाळचे साडेसात वाजले म्हणजे तेथें त्याच दिवशीं सकाळचे नऊ होतात. घरीं दिवेलागण झालेली असते आणि तिकडील मूल न्याहारी करून दिवसाच्या कामास निघण्याच्या तयारींत असतें.