साठ दिवस आणि एक एप्रिल

पोस्टात अडतीस वर्षं काढली. टपाल कुठे अडकतं हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. स्वतःच्या घराच्या नकाशाने तो उतरवला.

फेब्रुवारी 2025 मध्ये आमच्या महापालिकेत बांधकाम परवानगीची फाईल ऑनलाइन दाखल केली. आर्किटेक्टने शुल्काचा अंदाज काढून दिला, तेवढे पैसे मी वेगळे ठेवले आणि निश्चिंत झालो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्रुटी निघाली: प्लॉट लेआउटप्रमाणे 200 चौरस मीटर, मोजणीत 193. अशा वेळी कमी असलेलं क्षेत्र धरतात, त्यामुळे नकाशा नव्याने काढणं आलं. पण ही त्रुटी मला कळली सव्वीस दिवसांनी. ती आर्किटेक्टच्या लॉगिनमध्ये येऊन पडली होती, आणि मार्च एंडच्या गडबडीत त्याने ती उघडलीच नव्हती. मी मात्र नगररचना विभागात दोन खेपा घालून तिथल्या माणसांवर चिडून आलो होतो. फाईल त्यांच्याकडे नव्हतीच.

तोवर 1 एप्रिल उजाडला. विकास शुल्क आणि प्रीमियम रेडी रेकनरच्या दरावर बेततात, आणि दर धरतात तो परवानगी देतात त्या वर्षाचा. अर्ज कधी टाकला याला तिथे किंमत नाही. आधीची दोन वर्षं रेडी रेकनर हललं नव्हतं, म्हणून मी गाफील होतो. नेमकं त्याच वर्षी ते वाढलं. फरक पडला नऊ हजारांच्या आसपास. रक्कम डोंगराएवढी नाही, पण ती सव्वीस दिवसांच्या झोपेची होती. शुल्क वाढलं याबद्दल माझी तक्रार नाही. रस्ते, गटारं फुकट होत नाहीत.

म्हणून सांगतो, अर्जाआधी मोजणीची ‘क’ प्रत हातात घ्या आणि तिच्यावरचं क्षेत्र उताऱ्याशी, लेआउटशी स्वतः ताडून पाहा. आर्किटेक्टला पहिल्याच दिवशी सांगा, की दर सोमवारी लॉगिनचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठव. त्याला राग येईल, येऊ द्या. आणि शुल्काचा अंदाज एकरकमी घेऊ नका. छाननी शुल्क, जमिनीवरचं विकास शुल्क, बांधकामावरचं विकास शुल्क, प्रीमियम, कामगार कल्याण उपकर, अनामत अशी फोड मागा. यातलं काय रेडी रेकनरबरोबर हलतं आणि अनामतीतलं काय परत मिळतं, हे तेव्हाच विचारून घ्या. मी चलन हातात पडल्यावर विचारलं.

आता साठ दिवसांची गोष्ट. शेजारचे अण्णा मला रोज सांगायचे, ‘‘अहो, साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असंच समजतात. घ्या कुदळ.’’ नगररचना कायद्याच्या, म्हणजे 1966 च्या कायद्याच्या, कलम 45 मध्ये तशी तरतूद आहे खरी. पण त्रुटी काढली असेल तर तुम्ही तिचं उत्तर दिल्यापासून साठ दिवस मोजतात, आणि नकाशा नियमात चोख बसत असेल तरच ती मानीव परवानगी टिकते. नियम आहेत डिसेंबर 2020 पासूनच्या एकत्रिकृत नियमावलीचे, आणि तिच्यातही बदल होत राहतात. अण्णांचं ऐकलं असतं तर माझं बांधकाम अनधिकृत ठरलं असतं. अण्णा माणूस चांगला. कायदा मात्र ते अर्धाच वाचतात.

परवानगी मे महिन्यात आली. आता काम जोत्यापर्यंत पोचलंय. जोता तपासणीचा अर्ज टाकलाय, पाहणी अजून व्हायची आहे. गवंडी रोज सकाळी म्हणतो, ‘‘काका, तोवर दोन थर चढवून टाकू, कोण बघतंय?’’ मी त्याला चहा पाजतो आणि वाळू चाळायला लावतो.