सुट्टी आणि खाडा

आमच्या घरी दिनदर्शिकेवरील तांबड्या तारखेचे दोन अर्थ होतात. माझी आई उलव्यातील एका लहानशा दुकानात रोजंदारीवर काम करते. मागच्या 15 ऑगस्टला झेंडावंदन करून मी घरी आले, तेव्हा आई निवांत बसलेली पाहून म्हटले, "आज तुलाही सुट्टी!" ती म्हणाली, "सुट्टी कसली गं, खाडा!" दुकान बंद म्हणजे त्या दिवसाची मजुरी बंद. ह्या दोन शब्दांमधील अंतर समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्या रविवारला आपण गृहीत धरतो, तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून मिळवलेला आहे. सत्यशोधक कार्यकर्ते व 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि वेळेवर पगार ह्या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. 1891 च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूदही झाली.

परंतु विश्रांती मिळणे वेगळे आणि पगारी विश्रांती मिळणे वेगळे. शासन दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची यादी जाहीर करते. तिचा आधार 1881 चा, हुंड्या-धनादेशांविषयीचा कायदा आहे. ती यादी कचेऱ्या व बँकांसाठी असते. तेवढ्यावरून खाजगी दुकानातील नोकराला मजुरी मागता येत नाही.

त्यासाठी महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा पाहावा लागतो. त्यानुसार वर्षाला आठ पगारी सुट्ट्या मिळतात : 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि मालक व कामगार ह्यांनी मिळून ठरवलेले चार सण. ह्याखेरीज आठ दिवसांची नैमित्तिक रजाही आहे. मात्र ह्या तरतुदी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होत्या. 2025 मध्ये शासनाने ती मर्यादा वीसवर नेली.

आईच्या दुकानात माणसे सहा! म्हणजे जुन्या मर्यादेतही ती बसत नव्हती, नव्या मर्यादेत तर मुळीच नाही. लहान दुकानदाराची ओढाताण मला दिसत नाही असे नाही. पण दमणे हे माणसाचे असते, ते डोकी मोजून होत नाही. मग हक्क तरी डोकी मोजून का द्यावा?

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे खाडे पडत असतील. पुढील तांबड्या तारखेला घरी एकदा विचारून पाहा : आज सुट्टी आहे, की खाडा?