हरिभाऊंची यमू आणि घराण्याची अब्रू

आमच्या शाळेंतील मुलें इंग्रजीच्या तासाला डिकन्ससारख्या ग्रंथकारांचे वेंचे वाचतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळीं विलायतेंत गरीब व श्रीमंत यांमध्यें केवढें अंतर होतें, आणि त्या अंतराचा भार स्त्रियांवर कसा पडे, हें त्यांस त्यांतून कळतें. परंतु त्याच राणीच्या अमदानींत, आपल्याच भाषेंत, हाच विषय एका कादंबरीकारानें हातीं घेतला होता, हें मात्र पुष्कळांस ठाऊक नसतें. ते कादंबरीकार म्हणजे हरि नारायण आपटे. त्यांच्या एका कादंबरीवरून स्त्रीची स्थिति आणि घराण्याची प्रतिष्ठा यांचा संबंध काय, एवढेंच आज आम्ही सांगणार आहों.

हरिभाऊंचा जन्म १८६४ सालीं खानदेशांत पारोळें येथें झाला व त्यांचें आयुष्य बहुतेक पुण्यास गेलें. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ नांवाचें साप्ताहिक काढिलें आणि त्यांत ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः छापली. पुढें १९१२ सालीं आपल्या वऱ्हाडांत, अकोल्यास, जें मराठी साहित्यसंमेलन भरलें, त्याचे तेच अध्यक्ष होते. १९१९ सालीं ते वारले.

या कादंबरीची सारी कथा यमू नांवाची मुलगी आपल्याच तोंडानें सांगते. माहेर, लहानपणीं झालेलें लग्न आणि सासरचा जाच, असा तिचा क्रम आहे. नवरा रघुनाथराव भला व सुशिक्षित असतो. तो तिला वाचावयास शिकवितो. मुंबईस दोघांचें वेगळें बिऱ्हाड होतें, तेव्हां थोडे दिवस सुखाचे जातात. इतक्यांत तो मरण पावतो. मग ती पुन्हां वडीलधाऱ्यांच्या हातीं सांपडते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचें केशवपन होतें.

वाचकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. यमूचें दुःख दारिद्र्यानें आलेलें आहे काय? नाहीं. तिच्या घरीं अन्नवस्त्राची वाण नाहीं. मुंबईचें बिऱ्हाड सासरच्या घराहून लहान, पण सुख तेथेंच होतें. १८५६ सालीं विधवांच्या पुनर्विवाहास कायद्यानें मोकळीक मिळाली होती. म्हणजे कायदाही आड येत नव्हता. आड आली ती घराण्याची अब्रू. पांढरपेशा माणसाच्या घरीं मोठी जमीन नसे, हातीं तलवार नसे; आपण इतरांहून वरचे, हें दाखवावयास त्याच्यापाशीं आचार तेवढा उरला होता. तो आचार पाळावयाचा कोणीं? पुरुष कचेरींत इंग्रजी बोले, बूट घाली. सोंवळें संभाळण्याचें काम मात्र घरांतल्या बायकांकडे. घर जितकें उंच, तितकी त्या घरची विधवा खालीं, असा हा उलटा हिशेब होता.

याच्या उलट बाजूस आपल्या वर्धेकडील खेडीं आठवा. त्या काळीं कुणब्यांत व इतर अनेक कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत असे. ती उन्हांत निंदण करी, कापूस वेंची आणि पुन्हां संसारही थाटी. तिचें जिणें सुखाचें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. तिची पाठ कामानें मोडे आणि अंगावर धड लुगडें नसे. परंतु तिच्या कपाळावर कुळाच्या मोठेपणाची पाटी लावलेली नव्हती. मात्र त्याच जातींतलीं जीं घराणीं वर चढूं पाहात, त्यांनीं पहिली गोष्ट केली ती ही कीं, आपल्याकडील पाट बंद केला. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हें पुस्तक लिहिलें. त्या स्वतः थोर मराठा घराण्यांतल्या होत्या, आणि अशा घरची विधवा कशी कोंडली जाते हें त्यांस चांगलें ठाऊक होतें.

आम्ही ही कादंबरी वर्गांत समजावून सांगत असतां एका मुलीनें विचारलें, “सर, यमूच्या घरीं भांडीं घासणारी बाई असेलच ना? तिची गोष्ट कोणीं लिहिली?” तिची आई चार घरचीं कामें करते, हें आम्हांस मागाहून कळलें. प्रश्न रास्त होता. हरिभाऊंनीं जें घर आंतून पाहिलें, त्याचेंच चित्र काढिलें. दारापलीकडची बाई त्यांच्या कथेंत बोलत नाहीं. त्यांच्याही आधीं, १८५७ सालीं, बाबा पदमनजी यांनीं ‘यमुनापर्यटन’ लिहिलें. त्यांची नायिकाही यमुनाच. निरनिराळ्या ठिकाणच्या विधवांचीं दुःखें तिच्या प्रवासांत वाचकांपुढें येतात. तरी कष्टकरी स्त्रीला स्वतःची कथा स्वतः सांगावयास पुढें फार काळ थांबावें लागलें.

ही सारी जुनी गोष्ट झाली, असें पालकांनीं म्हणूं नये. केशवपन गेलें, पण हिशेब राहिला. कांहीं वर्षांमागें वर्गांत पहिली येणारी एक मुलगी दहावीनंतर शाळेंत आली नाहीं. वडिलांस भेटलों. त्यांनीं विहीर बांधली होती, ट्रॅक्टर घेतला होता, नवें घर उठविलें होतें. ते आदरानें म्हणाले, “सर, आतां देवाच्या कृपेनें आम्हांला कशाची कमी नाहीं, आमच्या घरच्या मुलीनें बाहेर कशाला जावें?” तिची आजी याच गांवीं रोजानें कापूस वेंचीत असे. घरांत लक्ष्मी आली आणि नातीचा रस्ता बंद झाला! त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आज सुचतें तें हें: घराची अब्रू मुलीच्या कोंडण्यानें वाढत नाहीं, जें घर मुलीला शिकूं देतें, तेंच वर चढलें असें समजावें.

विद्यार्थ्यांनो, ही कादंबरी सुटींत अवश्य वाचा, आणि आईला व आजीलाही वाचून दाखवा. त्या ऐकतांना मध्येंच कांहीं बोलूं लागल्या, तर पुस्तक मिटून त्यांचें ऐका. हरिभाऊंनीं पुस्तकाला नांव म्हणून जो प्रश्न दिला, त्याला आपण देऊं शकूं असें उत्तर हेंच.