सर्व्हर रूमची झाडलोट

मित्रहो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आपल्या रोजच्या उपयोगाचा आहे.

गेल्या मे महिन्यात ऐन सबमिशनच्या आठवड्यात आपला सर्व्हर दुपारी दोनच्या सुमाराला बंद पडायचा. संध्याकाळी चालू केला की रात्रभर नीट चालायचा. सलग तीन दिवस हेच. हॉस्टेलवर निकाल लगेच लागला: सफाईच्या मावशींनी ओलं फडकं फिरवलं, पाणी आत गेलं! मावशींना त्या खोलीत यायला बंदी झाली.

चौथ्या दिवशी लॅब असिस्टंट सरांनी आमच्यासमोर सर्व्हरचं झाकण उघडलं. आत पाण्याचा थेंबही नव्हता. हीटसिंकच्या पात्यांमध्ये मात्र करड्या धुळीचा थर बसला होता, जुन्या गोधडीतून कापूस निघावा तसा. सर्व्हर समोरून गार हवा ओढतो आणि मागून गरम हवा फेकतो. पाती बुजली की उष्णता आतच राहते, पंखे आणखी जोरात फिरतात आणि आणखी धूळ ओढतात. शेवटी प्रोसेसर जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. नाशिकच्या मे महिन्यातल्या दुपारी एसी कमी पडला की हे घडणारच. साधारण १८ ते २७ अंश सेल्सिअस हवा सर्व्हरला मानवते.

आता एवढी धूळ आली कुठून? सिंहस्थाची कामं निघाली की शहरभर रस्ते खोदले जातात, तो भाग आहेच. पण सरांनी कोपऱ्यात बोट दाखवलं. गॅदरिंगचे पडदे, थर्माकोल आणि पुठ्ठ्याची खोकी. पुठ्ठ्याचे बारीक तंतू सुटून हवेत तरंगतात, म्हणून नवीन मशीनचं खोकंसुद्धा सर्व्हर रूमच्या बाहेर फोडायचं असतं. त्यातली तीन खोकी मी ठेवली होती. जागा थंड, कुलूपबंद, म्हटलं सेफ आहे. मावशींवर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

ही काळजी काही आजची नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक चालू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. त्यांची उष्णता बाहेर काढणं हेच मोठं काम असणार! मशीन लहान झाली, पण हवेचे लाड तसेच राहिले.

सफाई करायची कशी? झाडू अजिबात नाही, तो धूळ फक्त उडवतो. घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनरही नको, कारण बारीक धूळ मागून परत खोलीत येते. हेपा फिल्टरवाला लागतो, जो ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. सुरुवात वरून: केबल ट्रे, मग रॅकचा माथा, मग बाजू आणि शेवटी फरशी. रॅक पुसायला तंतू न सुटणारं फडकं, जेमतेम दमट. बादली खोलीबाहेरच ठेवायची. सर्व्हरच्या आत हवा मारायची असेल तर मशीन बंद करून, बाहेर नेऊन, पंख्याचं पातं बोटाने धरून. नाहीतर पंखा भन्नाट फिरतो आणि खराब होतो. धूर ओळखणारे सेन्सर असतील तर आधी संबंधितांना सांगा. उडालेल्या धुळीने अलार्म वाजतो आणि आग विझवायचा गॅस सुटू शकतो, मग पळा!

फॉल्स फ्लोअर असेल तर खालची पोकळी विसरू नका, गार हवा तिथूनच येते. टाइल एका वेळी एक-दोनच उचला. जुन्या जस्ताच्या मुलाम्याच्या टाइलखाली कधीकधी केसाहून बारीक तंतू उगवतात. ते घासले तर हवेतून सर्किटवर जातात आणि शॉर्ट होतं. तिथे आपण हात घालायचा नाही, जाणकार बोलवायचा.

एक गोष्ट मात्र कुठलंच फडकं पुसू शकत नाही. आजीचे चांदीचे पैंजण काळे पडतात ना, ते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. सर्किट बोर्डवरचं तांबं आणि चांदीही तसंच खराब होतं. २००६ साली युरोपने शिशाच्या सोल्डरवर बंदी आणली, त्यानंतर काही बोर्डांवर चांदीचा मुलामा आला आणि प्रदूषित शहरांत हा त्रास वाढला. म्हणून मोठ्या डेटा सेंटरमध्ये तांब्या-चांदीच्या छोट्या पट्ट्या महिनाभर टांगून त्या किती गंजल्या ते मोजतात. आपल्या सर्व्हर रूमची खिडकी नाल्याच्या बाजूला आहे. वास येतो म्हणून सगळे नाक दाबतात, पण फटी कोणी बुजवल्या नव्हत्या. जूनमध्ये आम्ही चौघांनी रबराची पट्टी लावली. खर्च मेसच्या एका दिवसाच्या बिलाएवढा.

खोकी आता माझ्या कॉटखाली आहेत. मावशी दर शनिवारी सरांबरोबर खोलीत येतात. मी त्यांना झालेलं सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, ती खोकी मी तीनदा बाहेर काढली होती. तुम्हीच परत आत ठेवलीत."