तुलना कुणाशी करायची?



बीपीचा पट्टा दंडाला बांधला की बायका मन मोकळं करतात. देवळाली प्रवरा परिसरातल्या वस्त्यांत आम्हाला एकच गाऱ्हाणं वारंवार ऐकू येतं : "सिस्टर, शेजारणीला घरकुल मिळालं, आम्हाला नाही. आमचं नशीबच फुटकं!" मग रात्री झोप नाही, डोकं जड, शेजारणीशी अबोला.

अन्यायाची बोच किती आणि कुणावर लागते, हे आपण स्वतःची तुलना कुणाशी करतो त्यावरही ठरतं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ रन्सिमन यांनी १९६६ मध्ये याचे दोन प्रकार सांगितले. 'माझ्याच माणसांत मी मागे' हा पहिला. 'आमचा समाजच इतरांच्या मागे' हा दुसरा. पहिल्यात माणूस एकटा कुढतो. दुसऱ्यात तो चारचौघांना हाक मारतो.

आपलाच इतिहास पाहा. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. ज्याची संधी हुकली, त्याचं ते नशीब, असं म्हणून समाज गप्प बसला नाही. प्रश्न सगळ्यांचा आहे हे ओळखून मागणी लावून धरली. १९९० मध्ये कायदा बदलला.

म्हणून मनात सल उठली की तीन गोष्टी करा.

१. स्वतःला विचारा : हे फक्त माझ्याच घरी आहे की वस्तीत अनेक घरी? विहारात बसून घरं मोजा, यादी करा.

२. शेजारणीवर राग धरू नका. तिला घरकुल मिळालं म्हणून तुमचं गेलं, असं नसतं. निवड कशी झाली, हे माहितीच्या अधिकारात (२००५) विचारा. अर्जाची फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत द्यावं लागतं.

३. 'आपण' हा शब्द आखूड करू नका. शेजारच्या मातंग, भिल्ल वस्तीतही तोच नळ कोरडा असेल, तर अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या.

आणि अर्ज लिहिला म्हणून बीपीची गोळी बंद करू नका. दोन आठवडे झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर घरात सांगा आणि लगेच दवाखाना गाठा. हक्कासाठी लढायचं तर अंगात बळ हवं.