टाकीच्या झाकणाचें छिद्र

पत्र्याच्या डब्यांतून तेल ओतावयाचें असतां घरांतील वडील माणसें डब्यास एकच भोंक पाडून थांबत नाहींत. समोरच्या कोपऱ्यास दुसरेंही पाडतात. एका भोंकानें तेल गुडगुड करीत, थांबत थांबत पडतें. दुसरें पाडतांच सरळ धार लागते. असें कां व्हावें, हा प्रश्न आम्हांस गतवर्षीं शाळेच्या जुन्या व्हॅननें विचारावयास लाविला, आणि उत्तर सांपडेपर्यंत एका प्रामाणिक मनुष्यावर आमच्या हातून अन्याय झाला. तो प्रसंग व त्यामागील शास्त्र येथें सांगावयाचें योजिलें आहे.

ही व्हॅन पेट्रोलवर चालणारी, कार्ब्युरेटरची. तिच्या टाकीचें झाकण गंजलें, आंतील रबर झिजलें, आणि वळणावर पेट्रोल बाहेर ठिबकूं लागलें. आमचे चालक, ज्यांना सारीं मुलें 'काका' म्हणतात, म्हणाले, "सर, जुनें झाकण बरोबर न्या, आणि हुबेहूब तसेंच आणा." आम्हीं जुनें नेलें खरें, परंतु दुकानांत कुलूपकिल्लीचें एक चकचकीत झाकण दिसलें. माप तेंच होतें, म्हणून तेंच घेतलें. टाकीवर तें घट्ट बसलें. पेट्रोलचा वासही येईनासा झाला. आपल्या खरेदीचें आम्हांस कौतुक वाटलें.

पुढें आठवडाभरांतच गाडी वाटेंत बंद पडूं लागली. एंजिन आचके देई व थांबे. कांहीं वेळानें पुन्हां सुरू होई. नवल हें कीं, टाकी भरली असतां गाडी लवकर बंद पडे. अर्धी झाल्यावर मात्र बरीच दूर जाई. पेट्रोल भरावयास काका एकटेच जात. भेसळीचें स्वस्त पेट्रोल घेऊन वरचे पैसे हे गृहस्थ ठेवून घेत असावेत, असा संशय आमच्या मनांत आला. तोंडानें आम्ही कांहीं बोललों नाहीं. पण पावत्या मागूं लागलों. मागण्याचा सूर काकांना समजला, आणि ते आमच्याशीं कामापुरतेंच बोलूं लागले.

एके दिवशीं क्रीडास्पर्धेहून परततांना तिन्हीसांजेस घाटांत गाडी थांबली. पेट्रोल किती आहे हें काठी घालून पाहावें म्हणून काकांनीं झाकण उघडलें. आठवीचा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, झाकण उघडलें कीं दरवेळीं 'सूं' असा आवाज होतो, आणि मगच गाडी सुरू होते. हवा बाहेर येते कीं आंत जाते?" आम्ही निरुत्तर झालों. त्या रात्रीं दर थोड्या अंतरावर थांबून, एंजिन बंद करून, झाकण उघडावें व पुन्हां लावावें, असें करीत आम्ही घरीं पोहोंचलों. गाडी एकदांही आपण होऊन थांबली नाहीं.

आतां यांतील शास्त्र पाहूं. आपल्या सभोंवतालची हवा प्रत्येक वस्तूवर दाब देते. समुद्रसपाटीस हा दाब दर चौरस सेंटिमीटरवर सुमारें 1 किलोग्रॅम वजनाइतका असतो. टॉरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञानें 1643 सालीं पाऱ्याच्या नळीनें तो दाखवून दिला. सुमारें 760 मिलिमीटर उंचीचा पारा हवा तोलून धरते. व्हॅनमधील पंप पेट्रोल 'ओढतो' असें आपण म्हणतों. वस्तुतः तो आपल्याकडील दाब कमी करतो, आणि टाकींतील पेट्रोलवर बसलेली हवा तें नळींतून पुढें ढकलते. टाकीचें तोंड सर्वस्वीं बंद असेल, तर पेट्रोल जाईल तसतशी आंतील हवा विरळ होते, व ढकलणारें बळ उणें होतें.

गाडी भरल्या टाकीनेंच लवकर कां थांबे, याचा उलगडा 1662 सालीं प्रसिद्ध झालेल्या बॉइलच्या नियमानें होतो. 40 लिटरच्या टाकींत 36 लिटर पेट्रोल असेल, तर हवेस जागा 4 लिटर. 1 लिटर पेट्रोल खर्च होतांच तीच हवा 5 लिटर जागेंत पसरते, व तिचा दाब मूळच्या चारपंचमांश होतो. परंतु टाकी अर्धी असतां 20 लिटर हवा 21 लिटर जागेंत पसरते. दाबांत फरक विसांश देखील पडत नाहीं. पेट्रोलची वाफ ही तूट थोडीबहुत भरून काढते, म्हणून प्रत्यक्ष फरक याहून कमी असतो. तथापि प्रकार हाच. जें आम्हांस भेसळीचा पुरावा वाटलें, तें केवळ बॉइलच्या नियमाचें उदाहरण होतें!

हें बळ क्षुल्लक समजूं नये. टाकीची एक बाजू 60 सेंटिमीटर लांब व 40 सेंटिमीटर रुंद धरा. क्षेत्र 2400 चौरस सेंटिमीटर झालें. आंतील दाब एकदशांशानें जरी उतरला, तरी बाहेरची हवा त्या बाजूवर सुमारें 240 किलोग्रॅम वजनाइतका जास्त भार देते. अशानें पत्र्याची टाकी आंत चेपूंही शकते.

दुसऱ्या दिवशीं जुनें झाकण उलटें करून पाहिलें. त्याच्या आंतल्या अंगास एक बारीक छिद्र व त्यावर लहानशी स्प्रिंगची झडप होती. पेट्रोल उणें झालें कीं ती हवा आंत घेई, आणि उन्हानें वाफ फुगली कीं ती बाहेर सोडी. नव्या झाकणास असें कांहींच नव्हतें.

यावरून झाकण बदलतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. माप जुळलें म्हणजे झाकण जुळलें असें नव्हे. टाकी श्वास कोठून घेते हें आधीं पाहावें. ज्या गाडीच्या टाकीस हवेची वेगळी नळी नाहीं, तीस सच्छिद्र झाकणच पाहिजे. ज्या नव्या गाड्यांत वाफ कोळशाच्या डब्यांत शोषून घेण्याची योजना असते, त्यांस मात्र बंद झाकण लागतें. तेथें भोंक पाडल्यास वाफ मोकळी सुटून हवा दूषित होते. जुन्या झाकणाचें छिद्र धुळीनें बुजलें तरी हींच लक्षणें दिसतात. कांहीं मिस्तरी बंद झाकणास भोंक पाडून देतात. पण उघड्या भोंकांतून पेट्रोल हिंदकळून सांडतें व पावसाचें पाणी आंत जातें, म्हणून झडपेचें झाकणच बरें. टाकीजवळ भोंक पाडण्याचें यंत्र केव्हांही चालवूं नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळें ती जमिनीलगत पसरते, आणि एका ठिणगीनें भडका उडतो. मुलांनीं हें काम पाहावें, तेंही दुरून.

घरीं करावयाचा प्रयोग निर्धोक आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाजवळ खिळ्यानें लहान भोंक पाडा, पाणी भरा व झांकण घट्ट लावा. धार थांबेल, आणि बाटली मऊ असल्यास आंत चेपेल. झांकण सैल करा, धार पुन्हां वाहूं लागेल.

झडपेचें झाकण बसविल्यापासून व्हॅन त्या कारणानें पुन्हां थांबली नाहीं. ज्या मुलांनीं आमचा पावत्या मागण्याचा सूर ऐकला होता, त्यांच्यादेखतच आम्हीं काकांची क्षमा मागितली. ते इतकेंच म्हणाले, "सर, मीं तसेंच आणा म्हटलें होतें." हें वाक्य आम्हांस पुष्कळ दिवस पुरलें. संशय मनांत घट्ट कोंडून ठेवण्यापेक्षां पहिल्याच दिवशीं काकांपाशीं बसून मोकळेपणीं विचारपूस केली असती, तर झाकणाचा दोषही त्याच दिवशीं सांपडता, आणि एका भल्या माणसाचें मन दुखावलें नसतें.