माशाच्या अंड्यात रक्ताचा उगम

आपल्या देशातील ओढ्यांत व भातखाचरांच्या साचलेल्या पाण्यात, अंगावर निळसर पट्टे असलेला सुमारे दीड इंच लांबीचा मासा आढळतो. हाच झेब्रा मासा होय. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवरील आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली. रक्त कसे निर्माण होते, हे जाणण्याच्या कामी या मत्स्याचे मोठे साहाय्य झाले आहे. त्याचे अंडे पारदर्शक असते. फलनानंतर सुमारे एका दिवसात आतील गर्भाचे हृदय धडधडू लागते व लवकरच वाहणारे रक्त सूक्ष्मदर्शकातून दिसते.

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुके सारखीच असतात. मग एक पेशी रक्ताची आणि दुसरी स्नायूची का होते? कोणते जनुक केव्हा कामास लावावयाचे, हे नियंत्रक प्रथिने ठरवितात. त्यांच्या जनुकांची कुळे असतात. ‘गाटा’ हे असेच एक कूळ असून मानवात त्याचे सहा सदस्य आहेत.

पहिल्या सदस्यावर तांबड्या पेशींची घडण अवलंबून असते. हे जनुक बिघडलेल्या झेब्रा माशाच्या गर्भात तांबड्या पेशी तयारच होत नाहीत, असे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. दुसऱ्या सदस्याच्या माशात दोन प्रती आहेत. वडिलोपार्जित शेत भावांनी वाटून घ्यावे, तशी एक प्रत मुख्यतः रक्तवाहिन्यांचे व दुसरी रक्ताच्या मूळ पेशींचे काम पाहते. मानवात हे जनुक एकच असून त्यातील दोषामुळे रक्ताचा कर्करोगही संभवतो, हे २०११ साली स्पष्ट झाले.

सिकलसेल आजारातील मूळ दोष मात्र हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो. गर्भावस्थेतील निर्दोष हिमोग्लोबिन जन्मानंतर जवळजवळ बंद होते. ते बंद करणाऱ्या नियंत्रकाला रक्तपेशींत चालना देण्यासाठी पहिला ‘गाटा’ डीएनएवर ज्या जागी चिकटतो, तीच जागा छेदणाऱ्या उपचारास ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली.

हा उपचार अत्यंत खर्चिक आहे. रक्ततपासणी मात्र सुलभ आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. मध्य प्रदेशातील शहडोल येथून १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला. ज्या भागात हा आजार आढळतो, तेथील तरुणतरुणींनी विवाहापूर्वीच तपासणी करून घ्यावी आणि शिक्षकांनी हा विषय गावकऱ्यांस समजावून द्यावा, हे अगत्याचे आहे.